बुजलेला ओढा शोधताना: विद्युत सर्वेक्षणाच्या नोंदी

४ जानेवारी

आज जागेवर गेलो नाही. फक्त प्रश्न लिहून काढला.

जागा सपाट, साधारण १०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद. जुन्या नकाशात तिच्यातून एक ओढा तिरका जातो, नव्या नकाशात तो नाही. मधल्या काळात कधीतरी तो बुजवला किंवा आपोआप गाळानं भरला. वरून पाहिलं तर काहीच कळत नाही, गवतसुद्धा सगळीकडे सारखंच. आपल्याला दोन गोष्टी सांगायच्या आहेत: ओढ्याचं पात्र नेमकं कुठून जातं, आणि त्याच्या तळाशी कठीण खडक किती खोल आहे.

भूभेदी रडारचा विचार झाला होता. पण गाळ चिकणमातीचा असण्याची शक्यता जास्त, आणि चिकणमाती रडारची लाट मीटर-दोन मीटरमध्येच गिळून टाकते. रडारला अडचणीची तीच माती विद्युत पद्धतीला सोयीची, कारण ओली चिकणमाती वीज चांगली वाहून नेते आणि ताजा खडक नेत नाही. रोधकता, म्हणजे पदार्थ विजेला किती अडवतो त्याचं माप, ओहम-मीटरमध्ये मोजतात: चिकणमाती पाच ते तीस ओहम-मीटर, पाण्यानं भरलेली वाळू चाळीस ते शंभरच्या आसपास, कोरडा मुरूम दीडशेच्या पुढे, अखंड खडक कित्येक शे ते हजारांत. हे आकडे एकमेकांत घुसतात, हीच या पद्धतीची खरी डोकेदुखी.

वहीच्या पहिल्या पानावर मोजणीआधीचा अंदाज लिहून ठेवला: पात्र १५ ते २० मीटर रुंद, खोली ५ मीटर. नंतर “मला वाटलंच होतं” म्हणायला वाव राहू नये म्हणून.

७ जानेवारी

उपकरण यायचं आहे. तोवर घरगुती प्रयोग. ६० बाय ४० सेंटिमीटरचा प्लास्टिकचा टब, त्यात २० सेंटिमीटर पाणी, लाकडी पट्टीवर ठोकलेले चार खिळे, बॅटरी आणि दोन मल्टिमीटर. बाहेरच्या दोन खिळ्यांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोघांमधला विभवांतर मोजायचा.

पाण्याची वाहकता वेगळ्या मीटरनं आधीच मोजली होती: ५०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर. दहा हजाराला तिनं भागलं की रोधकता मिळते, म्हणजे २० ओहम-मीटर. उत्तर माहीत असलेलं गणित सोडवायला घेतलं की चूक आपली की यंत्राची हे लगेच कळतं.

पहिली चूक आपलीच. खिळे सेंटिमीटरभर बुडवले होते आणि त्यांच्यातलं अंतर होतं दोन सेंटिमीटर. सूत्र समजतं की प्रवाह एका बिंदूतून शिरतो, आणि इथे तर खिळ्याची अख्खी लांबी पाण्यात. खिळे जेमतेम टेकवले तेव्हा २१ आलं.

दुसरी गंमत म्हणजे मल्टिमीटरवरचा आकडा थांबेना, हळूहळू सरकतच राहिला. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेनं चालू ठेवला की धातू आणि पाण्याच्या सीमेवर विद्युतभार साचतो. तारा उलट-सुलट करून दोन वाचनांतल्या फरकाचं अर्ध घेतलं तेव्हा आकडा स्थिरावला. खरं उपकरणही हेच करतं, प्रवाह एका दिशेनं, मग बंद, मग उलट्या दिशेनं. त्यामुळे जमिनीचा स्वतःचा नैसर्गिक विभवही वजा होतो.

मग खिळ्यांमधलं अंतर १२ सेंटिमीटर केलं आणि रोधकता तीसच्या वर गेली. पाणी तेच! प्रवाहाला टबच्या भिंती आणि तळ लागले, त्याला पसरायला जागा उरली नाही, म्हणून विभवांतर वाढलं. जोडीदार म्हणाला, “म्हणजे टबच्या तळाचा शोध लागला की.” खरंच. अंतर वाढवत नेल्यावर रोधकता चढायला लागली तर खाली कुठेतरी वीज न वाहणारं काहीतरी आहे, एवढाच या शास्त्राचा पाया. कॉनरॅड श्लुम्बर्जर या फ्रेंच संशोधकानं १९१२ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीत जमिनीवर समविभव रेषांचा नकाशा काढला, तेव्हापासून उपकरणं पार बदलली, पाया तोच राहिला.

११ जानेवारी

जमिनीत ठोकायच्या सळ्यांची कोणती रचना वापरायची यावर वाद. जोडीदाराला डायपोल-डायपोल हवी, म्हणजे प्रवाहाची जोडी एकीकडे आणि विभवाची जोडी दूर दुसरीकडे, कारण पात्राचे काठ उभे असतील तर तीच ते नीट दाखवते. मला वेनर, म्हणजे टबातल्यासारखी चार समान अंतरावरच्या सळ्यांची, कारण संकेत दणदणीत मिळतो. वाद घालण्यापेक्षा आकडे मांडले.

जमीन ४० ओहम-मीटरची, प्रवाह १०० मिलिअँपिअर, सळ्यांमधलं अंतर २ मीटर धरलं. फ्रँक वेनरनं १९१५ मध्ये मांडलेल्या समान अंतराच्या रचनेत भूमितीय गुणक (विभवांतर भागिले प्रवाह याला ज्यानं गुणलं की रोधकता मिळते तो आकडा) म्हणजे पायची दुप्पट गुणिले अंतर, म्हणजे १२.५७ मीटर. विभवांतर ३१८ मिलीव्होल्ट. डायपोल-डायपोलमध्ये दोन जोड्यांमधलं अंतर सहापट नेलं की गुणक होतो २१११ मीटर आणि विभवांतर उरतं १.९ मिलीव्होल्ट. शेजारून वीजवाहिनी जाते, तिचाच गोंगाट एवढा असू शकतो.

पण वेनरलाही सगळंच फुकट मिळत नाही. ४८ सळ्यांत अंतर जास्तीत जास्त पंधरा पटींपर्यंत, म्हणजे ३० मीटरपर्यंत जातं आणि एकूण वाचनं मिळतात ३६०. खोलवर गेलं की वाचनांची संख्या घटत जाते, सर्वांत खालच्या ओळीत तीनच उरतात. आडवे थर छान दिसतात, उभ्या कडा पसरट होतात.

ठरलं: दोन्ही करायच्या. डायपोलमध्ये सहापटींच्या पुढे जायचं नाही, त्याची २५५ वाचनं.

१५ जानेवारी

उपकरण आलं. ४८ स्टीलच्या सळ्या, २४ जोडांच्या दोन केबल, बॅटरी. सगळे जोड एकेक करून तपासले. ३१ नंबरची क्लिप सैल आहे, चिकटपट्टी गुंडाळली.

१८ जानेवारी

पहिला दिवस. रेषा १, नकाशातल्या ओढ्याला शक्य तितकी काटकोनात. सळ्या २ मीटरवर, एकूण लांबी ९४ मीटर.

सकाळचे दोन तास स्पर्शरोधातच, म्हणजे सळी आणि माती यांच्यातल्या रोधातच गेले. पश्चिमेकडचे पंधरा मीटर खडीचे आणि कोरडे, तिथे सळी हातोड्यानं ठोकली तरी डुगडुगते. उपकरण सळ्यांच्या जोड्या तपासतं, तिथे ८ किलोओहमपर्यंत आकडे आले. तत्त्वतः चार सळ्यांच्या पद्धतीत स्पर्शरोधाचा उत्तरावर परिणाम होत नाही, कारण प्रवाह वेगळ्या जोडीतून जातो आणि विभव वेगळ्या जोडीवर मोजला जातो. व्यवहारात मात्र रोध जास्त असला की प्रवाहच जात नाही. १०० मिलिअँपिअर मागितला, मिळाला १८. प्रत्येक सळीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतलं, दहा मिनिटं मुरू दिलं, मग दीड किलोओहमवर आलं. तीन सळ्यांपाशी शेजारी दुसरी सळी ठोकून तारेनं जोडली, तोही उपाय चालतो. मिठाचं पाणी बेतानं ओतायचं. दोन सळ्यांमध्ये ओघळ जोडला गेला तर आपणच जमिनीत एक नवा वाहक थर तयार करून ठेवतो.

सळ्यांवर मोजणीच्या वेळी चारशे व्होल्टपर्यंत दाब येतो. एकजण उपकरणाशी, एकजण रेषेवर फिरता, आणि फिरत्यानं हात वर केल्याशिवाय मोजणी सुरू करायची नाही. एक कुत्रं तीनदा रेषा ओलांडून गेलं, तीनदा थांबलो.

वेनरची ३६० वाचनं पूर्ण. संध्याकाळी पडद्यावर नजर टाकली, मध्यभागी काहीतरी जबरदस्त दिसतंय. ओढाच असणार!

१९ जानेवारी

ओढा नाही. गाढवपणा.

रात्री आकडे नीट लावले. सर्वांत वरच्या ओळीत, जिथे अंतर २ मीटर, सगळीकडे शंभर ते दीडशे. मध्यभागी मात्र सलग तीन वाचनं: ६०, २३०, ६०. निम्मं, दुप्पट, निम्मं. त्याच्या खाली दोन्ही बाजूंना पसरत जाणारा उलटा व्ही. खोल ओळींत एक-दोन ठिकाणी तर उणे आकडे.

जमीन इतकी सुबक नसते. शिवाय हे सगळं बरोबर २४ आणि २५ नंबरच्या मध्ये. दोन केबलचा जोड तिथेच आहे, आणि आपण जोड कुठे ठेवला हे जमिनीला कसं कळावं? जोडीदाराला विचारलं, “दुसरी केबल कोणत्या टोकानं लावली होती?” तो गप्प. मग मीच आठवलं, ती मी लावली होती.

केबल उलटी. म्हणजे उपकरण २५ समजत होतं ती सळी खरी ४८ च्या जागी, २६ ची ४७ च्या जागी. पडताळून पाहिलं. उपकरणाच्या मते २२-२३-२४-२५ ही रचना, पण प्रवाहाची शेवटची सळी प्रत्यक्षात ४८ व्या जागी. खऱ्या अंतरांनी गुणक काढला तर येतो २५, आणि सॉफ्टवेअर वापरत होतं १२.५७. म्हणून निम्मं. २३-२४-२५-२६ ला खरा गुणक ६.५६, म्हणून जवळजवळ दुप्पट. २४ ते २७ ला पुन्हा २५. निम्मं, दुप्पट, निम्मं, तंतोतंत. उणे आकडेही जुळले. ३-१८-३३-४८ या सर्वांत मोठ्या रचनेत प्रवाहाची दुसरी सळी प्रत्यक्षात २५ व्या जागी, म्हणजे १८ च्या अगदी जवळ येते आणि विभवांतराचं चिन्हच उलटतं.

सगळ्यात फसवी गोष्ट वेगळीच. ३६० पैकी १६८ वाचनं पूर्णपणे एकाच केबलमधली आहेत आणि ती दिसायला निर्दोष आहेत. पहिल्या केबलमधली ८४ तर खरोखरच बरोबर. दुसरीतली ८४ सुद्धा खरी वेनर वाचनंच, फक्त आरशातल्यासारखी उलट्या जागी. ओढा दुसऱ्या केबलच्या हद्दीत असता आणि मी मधली वाचनं “गोंगाट” म्हणून पुसली असती, तर एक सुंदर आणि साफ चुकीच्या जागी दाखवलेला ओढा अहवालात गेला असता.

खऱ्या जागा घालून सगळं पुन्हा गणता येतं, पण जोड ओलांडणाऱ्या १९२ रचना वेड्यावाकड्या झाल्यात, काहींचा गुणक अवाढव्य. पुन्हा मोजणं सरळ. आता प्रत्येक केबलच्या सुरुवातीच्या टोकाला लाल पट्टी, आणि मोजणीआधी एक साधी कसोटी: रेषेवर फिरता माणूस ४८ नंबरची क्लिप काढेल, उपकरणावर ४८ च तुटलेली दिसली पाहिजे.

२२ जानेवारी

रेषा १ पुन्हा. क्लिप काढून कसोटी, मग वेनर, मग डायपोल-डायपोल, आणि नंतर प्रवाह व विभवाच्या जोड्यांची अदलाबदल करून सगळं आणखी एकदा. अदलाबदल केली तरी विभवांतर भागिले प्रवाह तेच यायला हवं, जमीन कशीही वेडीवाकडी असो. न आलं तर तो फरक म्हणजे आपल्या मोजणीची खरी चूक. एकच वाचन दहा वेळा घेऊन सरासरीवर समाधान मानण्यापेक्षा ही परीक्षा कितीतरी कडक, कारण सैल क्लिप दहाही वेळा सारखंच खोटं बोलू शकते.

वेनरमध्ये बहुतेक सगळं दोन टक्क्यांच्या आत. डायपोलमध्ये चौथ्या पटीपर्यंत ठीक, पाचव्या-सहाव्यात काही ठिकाणी पंधरा-वीस टक्के. दहा टक्क्यांवरची २८ वाचनं टाकली. त्यातली ११ एकट्या ३१ नंबरच्या सळीची होती.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. ज्या सळीतून नुकताच प्रवाह सोडला तिच्यावर लगेच विभव मोजला की आकडा सरकतो, अगदी टबातल्या खिळ्यासारखा. वाचनांचा क्रम बदलून घेतला, मधे शक्य तितका वेळ जाईल असा.

२५ जानेवारी

आज दिवसभर संगणकापुढे.

मोजलेल्या आभासी रोधकतेचा (जमीन एकसारखी धरून काढलेल्या रोधकतेचा) जो त्रिकोणी पट निघतो तो जमिनीचा छेद नव्हे, हे स्वतःलाच पुन्हा बजावलं. तिथल्या खोलीची पट्टी हा निव्वळ संकेत आहे. वेनरसाठी मध्य-खोली अंतराच्या ०.५१९ पट धरतात, म्हणून आपली सर्वांत खालची ओळ साधारण साडेपंधरा मीटरवर मांडली जाते. छेद मिळवायचा तर उलट गणित, म्हणजे इन्व्हर्जन. एक कल्पित जमीन घ्यायची, तिच्यावर ही वाचनं कशी आली असती ते काढायचं, फरक पाहून जमीन सुधारायची, पुन्हा तेच. लोक (Loke) आणि बार्कर या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये याची जलद पद्धत दिली आणि तेव्हापासून साध्या संगणकावर हे काम मिनिटांत होऊ लागलं. इतकं सोपं झालं की आता रंगीत चित्र कुणीही काढतं.

पाच फेऱ्यांत सरासरी वर्गमूळ चूक २.१ टक्के. अदलाबदलीतून निघालेली मोजणीची चूक दोनच्या आसपास, म्हणजे इथे थांबायला हवं. हौसेनं आठ फेऱ्या केल्या, चूक १.३ झाली आणि वरच्या थरात मण्यांसारखे ठिपके उगवले. तो गोंगाट होता. गोंगाटाला जमिनीचा आकार देऊन उपयोग नाही.

चित्र मात्र सुरेख. वर मीटरभर कोरडा थर, १२० च्या आसपास. ३८ ते ५६ मीटरच्या दरम्यान एक खोलगट वाटी, कमी रोधकतेची. तिच्या दोन्ही बाजूंना आणि खाली ३०० च्या पुढे. हीच असणार.

मग खरा त्रास सुरू झाला. तळ कुठे? संक्रमण हळुवार ठेवणारी मांडणी वापरली तर वाटीतली रोधकता २० आणि तळ साडेसात मीटरवर. तुटक सीमा चालवून घेणारी मांडणी वापरली तर रोधकता १६ आणि तळ ६.१ मीटरवर. दोन्हींची चूक जवळजवळ सारखी. वरचा कोरडा मीटर सोडून जाडीला रोधकतेनं भागून पाहिलं: ६.५ भागिले २० म्हणजे ०.३२५, आणि ५.१ भागिले १६ म्हणजे ०.३१९. एकच! वरून पाहणाऱ्या प्रवाहाला जाडी आणि रोधकता वेगवेगळ्या दिसत नाहीत, त्यांचा भागाकार दिसतो. पुस्तकात याला समतुल्यता म्हणतात. ही वाटी आहे, अमर्याद आडवा थर नाही, त्यामुळे हिशेब ढोबळ. पण वाद इथेच मिटला. दोन्ही मांडण्या एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगताहेत, आणि आपल्याला हवी असलेली खोली त्यातल्या कुणालाच ठाऊक नाही.

सुरुवातीची कल्पित जमीन एकदा ५० ची आणि एकदा ५०० ची घेऊन पाहिली. बारा मीटरच्या खाली निकाल सुरुवातीच्याच मागे जातो. तो भाग चित्रातून झाकून टाकला. जोडीदाराला वाईट वाटलं, तिथला लाल रंग फार खुलून दिसत होता म्हणे.

२९ जानेवारी

वाटीत चिकणमाती आहे की खारट पाण्याची वाळू? रोधकतेला दोन्ही सारख्याच. प्रेरित ध्रुवीकरण करून पाहिलं: प्रवाह तोडल्यावर विभव क्षणात शून्यावर न येता किती रेंगाळतो ते मोजायचं. चिकणमातीच्या कणांभोवती भार साचतो, म्हणून ती रेंगाळायला हवी.

वाटीत ६ मिलीव्होल्ट प्रति व्होल्ट, बाहेर ३. गोंगाट २. रोधकतेनं भागून घेतलं तर फरक दहापटीहून जास्त मोठा दिसतो, पण तो बहुतेक भागाकाराच्या छेदातूनच येतोय, स्वतःची फसवणूक नको. स्टीलच्या सळ्या या मोजणीला मुळात बऱ्या नाहीत, त्या स्वतःच ध्रुवीकृत होतात. विभवासाठी तांबं आणि मोरचुदाच्या द्रावणाचे इलेक्ट्रोड असते तर बरं झालं असतं. निष्कर्ष: चिकणमातीकडे झुकतं माप, पुरावा नाही.

२ फेब्रुवारी

रेषा २ आणि ३, पहिलीला समांतर, वीस-वीस मीटरवर. पात्र दोन्हींवर दिसलं आणि नकाशातल्या दिशेनं सरकलेलंही. रेषा २ वर ७० मीटरपाशी आणखी एक गोष्ट: अगदी अरुंद, दोन-तीन ओहम-मीटरची, तिच्या खाली दोन्ही बाजूंना तिरके पट्टे. नैसर्गिक मातीत एवढी कमी रोधकता म्हणजे समुद्राचं पाणी तरी हवं. रेषा सोडून दहा पावलं चाललो, गवतात लोखंडी झाकण सापडलं. पाइप. त्याच्या आसपासची वाचनं काढून टाकली.

५ फेब्रुवारी

काल रात्री चांगला पाऊस झाला. वेळापत्रक कोलमडलं, पण रेषा १ वर सळ्या पुन्हा जुन्याच जागी ठोकल्या. पुन्हा मोजली. स्पर्शरोध कुठेच अर्ध्या किलोओहमच्या वर नाही, मिठाच्या पाण्याचं सगळं कष्ट आठवून हसू आलं.

वरचा मीटर १२० वरून ७० वर उतरला. अपेक्षितच. पण फरकाच्या चित्रात चार मीटर खाली रोधकता पाच टक्क्यांनी वाढलेली दिसते. एका रात्रीच्या पावसानं खालची माती कोरडी होत नाही. वर मोठी घट झाली की इन्व्हर्जन खाली थोडी वाढ दाखवून हिशेब जुळवतं, ही त्याची जुनी खोड. तापमानाचंही पाहिलं, अंशामागे साधारण दोन टक्के रोधकता बदलते, पण एका रात्रीत चार मीटर खाली तापमान हलत नाही. ही वाढ अहवालात जाणार नाही.

९ फेब्रुवारी

ऑगरचा, म्हणजे जमिनीत भोक पाडणाऱ्या गिरमिटाचा दिवस. आधी बंद पाकिटात दोघांचे अंदाज. रेषा १ वर ४७ मीटरपाशी मी लिहिलं ७.५, जोडीदारानं ६.

६२ मीटरला १.८ वर टणक. २० मीटरला २.४ वर टणक. हे दोन्ही चित्राशी जुळले, फार वेळ गेला नाही.

४७ मीटरला दिवसाचा उरलेला सगळा भाग. वरचा मीटर कोरडी भुसभुशीत माती. मग करडी चिकणमाती, बोटाला चिकटणारी, ४.१ मीटरपर्यंत. त्यानंतर अचानक वाळू आणि गोटे, पाण्यानं भरलेले. चित्रात या थराचा मागमूसही नव्हता! वाळू भोक बुजवत होती, आत पाइप सरकवत सरकवत खाली गेलो. ६.३ ला टणक. गोटा असेल म्हणून मीटरभर बाजूला दुसरं भोक घेतलं, ६.४. खडकच म्हणू.

नमुने डब्यात दाबून चार टोकांनी मोजले. चिकणमाती १२ ओहम-मीटर. वाळू-गोटे ४८. भोकातलं पाणी ८०० मायक्रोसीमेन्स, म्हणजे १२.५ ओहम-मीटर. खारट नाही. ४८ ला १२.५ नं भागलं तर ३.८. या गुणोत्तरावरून सच्छिद्रता सांगणाऱ्या आर्चीच्या १९४२ च्या नियमानं, सुट्या वाळूचा घातांक १.३ धरून, सच्छिद्रता पस्तीस टक्के येते. सुट्या वाळूला शोभेशी आहे. चिकणमातीला मात्र हा नियम लावायचा नाही, तिथे कणांच्या पृष्ठभागावरूनही वीज वाहते.

आता तो भागाकार. ३.१ मीटर चिकणमाती भागिले १२ म्हणजे ०.२५८. २.२ मीटर वाळू भागिले ४८ म्हणजे ०.०४६. बेरीज ०.३०. संगणकाच्या दोन मांडण्यांनी ०.३२ सांगितलं होतं. म्हणजे मोजणीनं स्वतःचं काम चोख केलं होतं. एकूण वाहकता बरोबर, जाडी चुकीची, आणि वाळूचा थर पूर्ण दडपलेला, कारण वरची चिकणमाती आणि खालचा खडक यांच्या मधलीच त्याची रोधकता. बेरजेत त्याचा वाटा सहावा-सातवा हिस्सा. तेवढ्यासाठी प्रवाहानं वेगळी वाट धरली नाही. ओढ्यात पाणी वाहणारा थर मात्र तोच.

पाकीट उघडलं. जोडीदार जिंकला. वहीच्या पहिल्या पानावरचा माझा ५ मीटरचा अंदाजसुद्धा जवळजवळ माझ्या ७.५ इतकाच चुकला होता.

१३ फेब्रुवारी

रेषा १ ची सीमा ६.३ वर बांधून पुन्हा गणित केलं, वाटीची सरासरी १७ आली. तेच गुणोत्तर रेषा २ आणि ३ ला लावलं, या गृहीतावर की चिकणमाती आणि वाळूचं प्रमाण तिथेही तसंच आहे. गृहीत मोठं आहे, अहवालात ठळक लिहिलं. खोली एका आकड्यात न देता पल्ल्यात दिली: रेषा २ वर ५.५ ते ७, रेषा ३ वर ४.५ ते ६. जोडीदाराचं म्हणणं, पल्ला दिला की लोक मधला आकडा उचलतात. उचलू देत, पण पल्ला त्याच ओळीत छापलेला असेल.

पात्राचा नकाशा मात्र निःशंकपणे दिला. तीनही रेषांवर काठ दोन मीटरच्या आत जुळतात, म्हणजे सळ्यांच्या अंतराइतकेच. त्याहून बारीक बोलायचा आपल्याला अधिकार नाही.

१६ फेब्रुवारी

रेषा ३ वर पात्राच्या मध्यावर पडताळणीचं भोक. ४ मीटरपर्यंत चिकणमाती, पुढे वाळू आणि गोटे. ६ मीटर झाले, पल्ला संपला, टणक लागेना. ६.५ ला ऑगरच्या जोडसळ्या संपल्या. खाली अजून वाळूच आहे.

रेषा ३ चा पल्ला अहवालातून काढून “६.५ पेक्षा जास्त” असं लिहिलं आणि रेषा २ च्या आकड्यांपुढे प्रश्नचिन्ह टाकलं. आणखी चार जोडसळ्या मागवल्या आहेत, आणि ३१ नंबरसाठी नवी क्लिप.